हिरवं नसलेलं रोप

नववा फुगा फुटला तेव्हा साबणाचा फेस माझ्या भुवईवर, नाकावर आणि ओटीवर वाळत घातलेल्या पापडांवर उडाला. समोर खुर्चीत बसलेले आमचे हे हसले नाहीत. हसले असते तर मी वस्तरा तिथेच टाकून उठले असते. त्यांनी डाव्या हाताने पिशवीतला दहावा फुगा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"दाबतेस तू," ते म्हणाले. "ब्लेड दाबायचं नसतं गो. चालू द्यायचं."

तोंड एका बाजूला ओढलं गेल्यापासून त्यांना फुगवता येत नाही. म्हणजे फुगवायचा मी, फेस लावायचा मी, फोडायचा मी आणि बोलणी खायची तीही मीच. दहावा फुगवला. तो गालापर्यंत टिकला, म्हणजे फुग्याला गाल असेल तिथपर्यंत, आणि गेला.

आमचे हे म्हणजे भगीरथ. शहापूरच्या बाजारात तेहतीस वर्षं यांचं सलून होतं. एक खुर्ची, दोन आरसे, बाहेर बाकडं. गेल्या दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवर यांच्या अंगावरून वारं गेलं. उरलेली अर्धी दाढी समोरच्या सलूनवाल्याने करून दिली असं नंतर कळलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय थोडा ओढत का होईना चालत होता, जीभ जड पण बोलती होती. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. गाळा सोडला. एक आरसा आणला आणि खुर्चीही चौघांनी उचलून सापगावला घरी आणली, कारण ती विकायची गोष्ट मी काढली तर हे दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून ती आमच्या ओटीवर आहे आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हे त्या खुर्चीत.

आणि दाढी. जन्मभर लोकांच्या दाढ्या केल्या तो माणूस पाच महिन्यांत बुवा दिसायला लागला. यांच्याच हाताखाली शिकलेला महादू दोनदा वस्तरा-कात्रीची धोकटी घेऊन आला, मोठ्या मायेने आला, आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत गेला. मी एकदा म्हटलं, मी करते. तर यांनी मान फिरवून भिंतीकडे पाहिलं. मग मीही विषय सोडला. मान काय फक्त यांनाच आहे?

तर अशा घरात मी, गिरजा, वय त्रेपन्न, अंगणवाडीची मदतनीस, नाकावर चष्मा चढवून फुग्याची दाढी का करत होते, ते सांगते. मोहरीएवढ्या एका रोपासाठी.

यांना कॅक्टसचं वेड लागलं त्याला पंधरा वर्षं झाली. बदली होऊन गेलेल्या एका मास्तरांनी जाताना एक गोल काटेरी गड्डा सलूनमध्ये ठेवला. सांभाळ म्हणाले. यांनी तो असा सांभाळला की दोन वर्षांत त्याला सात पिल्लं झाली. मग पिल्लं सोडवून वेगळी लावणं आलं, चार दिवस सावलीत जखम वाळवणं आलं, वाळू, पालापाचोळ्याचं खत आणि विटेचा चुरा चाळणं आलं. माझी पिठाची चाळणी त्यातच गेली. पावडरचे डबे, क्रीमचे डबे, जे रिकामं होईल त्याच्या बुडाला भोक पडायचं. ज्या मऊ ब्रशने गिऱ्हाइकाची मान झाडायचे, त्याच ब्रशने हे काट्यांमधली धूळ झाडत बसायचे.

मला ती झाडं डोळ्यांसमोर नको होती. आपल्याकडे घरात काटे लावत नाहीत, भांडणं होतात म्हणतात. आणि नेमकं हर्षालीचं, आमच्या मुलीचं, जमत आलेलं लग्न मोडलं. शेजारच्या ताराबाई दारातून आत न येता म्हणाल्या, "काटं पाळल्यावर दुसरं काय व्हयाचं?" मी त्या दुपारी घरातल्या फळीवरचे अकरा डबे उचलले आणि उकिरड्यावर फेकून आले. हे संध्याकाळी आले, मोकळी फळी पाहिली. बॅटरी घेऊन उकिरड्यावर गेले आणि जी हाताला लागली ती घेऊन आले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं विचारत होती, हाताला काय झालं? हे म्हणाले, मांजर.

पुढच्या वर्षी हर्षालीला मुरबाडचं चांगलं स्थळ मिळालं. काट्यांचा काही संबंध नव्हता हे मला कळलं, पण तसं मी तोंडाने कधी म्हटलं नाही. मागच्या पडवीवर पत्रा होता, तिथे झाडं ठेवा एवढंच म्हटलं. ते अजून मला सलतं.

कलमाचं खूळ नंतरचं. मोबाइलवर कोणीतरी दाखवलं की तीन धारांच्या निवडुंगावर दुसरं कॅक्टस कापून बसवलं की ते दुप्पट वाढतं. तीन धारांचं निवडुंग म्हणजे आपलं वईला, कुंपणाला लावतात तेच, असं यांनी धरलं. सापगावात कोणीही तेच धरलं असतं. गावातल्या धाकलूच्या वईतून हे भारा तोडून घेऊन आले आणि बारा कलमं बांधली. बाराच्या बारा आठवड्यात काळी पडून गळाली. वर त्याचा चीक डोळ्यात गेला आणि दोन दिवस डोळा टोमॅटोसारखा. मी बडबडले, हे ऐकत राहिले आणि तिसऱ्या दिवशी एक डोळा मिटून पुन्हा मोबाइल बघत बसले. मग मला बोलावून एका डब्यातलं कॅक्टस दाखवलं. म्हणाले, प्रत्येक काट्याच्या बुडाशी कापसाचा ठिपका असतो तेच खरं कॅक्टस. कापल्यावर पांढरा चीक आला तर ते कॅक्टसच्या नात्यातलं नाहीच, आणि परक्याच्या खांद्यावर हे बसत नाही. वईचं निवडुंग दिसायलाच तसं. पुढे हर्षालीच्या सासरी ड्रॅगनफ्रूट लावलं, तेही खरं कॅक्टसच, त्याच्या तीनधारी फांद्या तिने आणून दिल्या, आणि त्या यांच्या झाडांना मानवल्या. तेव्हापासून यांचं कलम कधी चुकलं नाही. अर्धं ब्लेड, स्पिरिटचा बोळा आणि न दाबणारा हात, एवढंच लागतं म्हणायचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पत्र्यावर दोन कॅक्टसना एकदम फुलं होती. यांनी मान झाडायच्या ब्रशचे चार केस कापून घेतले आणि एका फुलातले पराग दुसऱ्यात नेले. मी खालून ओरडत होते, उद्या धोकटीची पूजा मांडायची आहे, फुलांचं लग्न नंतर लावा. त्यानंतर चार-पाच दिवसांत हात गेला. म्हणजे त्या उजव्या हाताने हौसेने केलेलं शेवटचं काम ते. फळ मात्र धरलं, पिकलं आणि महाशिवरात्रीच्या सुमारास फुटलं. यांनी डाव्या हाताने मिठाईच्या डब्यात बी पेरलं. निम्मं ओटीवर सांडलं, ते मी ओल्या बोटाने टिपून टिपून डब्यात टाकलं. साठेक रोपं उगवली. हिरवी, मोहरीएवढी. आणि मधोमध एक पिवळं धमक.

मला वाटलं रोग पडला. मी ते काढायला बोट घातलं तर यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. मला दुखेल इतकं धरलं.

"याच्यात हिरवं नाय," ते म्हणाले. "हिरवं नाय म्हंजे सोताचं अन्न सोताला करता येत नाय. बियातलं हाय तवर जगंल. पंधरा दिस. नायतर दुसऱ्याच्या खांद्यावर बसवायला पायजे."

बसवणार कोण, हे दोघांनाही कळत होतं आणि बोलायचं कोणालाच नव्हतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं मी. त्यांनी ते पुसलंही नाही. मला एवढा राग आला, कोणाचा ते माहीत नाही, नशिबाचा असेल, की मी उठून तांदूळ निवडायला घेतले. सूप मांडीवर आणि खडे भराभरा बाहेर. थोड्या वेळाने पाहिलं तर हे माझ्या हातांकडे बघत होते.

"तांदूळ निवडताना तुजी बोटं दाबत नाय," ते म्हणाले.

मी महादूचं नाव सुचवलं. त्याचा हात जड आहे, म्हणाले, गिऱ्हाइकं बोलत नाहीत एवढंच. हर्षालीने फोनवर एका नर्सरीवाल्याचं नाव काढलं. त्यावर यांनी फोन माझ्याकडे परत दिला. शेवटी मी म्हटलं, बरं, मी. पण शिकवताना ओरडायचं नाही. सरळ पहिल्यापासून शिकवायचं, जसं तुमच्या बापाने तुम्हाला शिकवलं तसं.

त्यांनी ते शब्दशः घेतलं. त्यांच्या वडिलांनी त्यांना मडक्याला फेस लावून वस्तरा चालवायला शिकवला होता. मडकं ओरबाडल्याचा आवाज आला की पाठीत धपाटा. हे दुसऱ्यांना शिकवायला लागले तेव्हापासून फुगा आला. फेसासकट फुगा पूर्ण साफ करायचा आणि फुटू द्यायचा नाही. असे लागोपाठ तीन झाले की मगच पुढे. मी म्हटलं, मला दाढी करायची नाही, रोप कापायचं आहे. ते म्हणाले, हात तोच. आणि एक सांगितलं, जे मी तेव्हा नुसतं ऐकून सोडलं. गिऱ्हाईक आरशात वस्तऱ्याकडे बघत असतं तोवर हात बसलेला नाही. ते डोळे मिटतं तेव्हा बसला.

आमच्या घरात बायकांनी वस्तरा धरायचा नाही. कोणी तसा नियम सांगितला नव्हता, पण तीस वर्षं दसऱ्याला मी त्या धोकटीला हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला आणि लांबूनच हात जोडले. पहिल्या दिवशी वस्तरा उचलला तेव्हा आधी कपाळाला लावला. ताराबाई येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. म्हणाल्या, गिरजे, आता सलून टाकतेस की काय? मी म्हटलं, टाकते, पयलं गिऱ्हाईक तुमी. त्या गेल्या.

दोन दिवसांत सतरा फुगे गेले. अठरावा, एकोणिसावा आणि विसावा राहिले. ते तिन्ही मी फोडू दिले नाहीत, खुंटीला बांधले. मग ड्रॅगनफ्रूटच्या कोवळ्या शेंड्याचे काप. शेंडा कापला की आत हिरव्या गरात एक फिकट कडं दिसतं. ते त्याला बांगडी म्हणत. रोपाचा ठिपका त्या बांगडीवर बसायला हवा, मधोमध बसला तर फुकट. आणि कापल्यापासून दहा आकडे मोजेपर्यंत बसायला हवा, नाहीतर जखम सुकते. हिरव्या भावंडांवर हात बसव म्हणाले. पहिलं रोप कापताना माझ्याने चिरडलं. दुसरं ब्लेडलाच चिकटून राहिलं. तिसरं शिंकेने उडालं, ते अजून सापडलेलं नाही. रोज अंगणवाडीतून यायचं, हात धुवायचे, सुईच्या टोकाला थुंकी लावायची आणि बसायचं. हे खुर्चीत, मी पाटावर. "दाबू नको" हे दोन शब्द मी त्या आठवड्यात एवढे ऐकले की अंगणवाडीत एका पोराला खिचडी वाढतानाही तेच म्हणाले.

सहाव्या दिवशी रविवार होता. संध्याकाळी मी डब्याचं झाकण उघडलं आणि डबा दिव्याखाली धरला. पिवळं रोप एका बाजूने सुरकुतलं होतं. पंधरा दिवस कसले, याचे दोनही उरले नव्हते. मी म्हटलं, उद्या उजाडताच.

"उद्या सोमवार हाय," हे म्हणाले.

सोमवारी आमच्याकडे सलून बंद असतं. सोमवारी यांनी कधी कोणाच्या अंगाला वस्तरा लावला नाही, लग्नघरातून बोलावणं आलं तरी नाही. पण म्हणून इथे? मी चिडले. म्हटलं, झाडाला कसला आलाय सोमवार?

"झाडाला नाय. वस्तऱ्याला."

रडावं की डोकं आपटावं ते कळेना. ज्याच्यासाठी मी सहा दिवस फुग्यांपुढे बसले, ते रोप हा माणूस एका वारापायी मरू देणार होता. मी भांडी आपटली. खूप बोलले. तुमचा हात गेला, गाळा गेला, आता तुमचा सोमवार कोणासाठी राहिलाय, असंही बोलून गेले. बोलले आणि माझं मलाच लागलं. यांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "तेवडाच राह्यलाय गो."

सोमवारचा दिवस मी डब्यावर ओला रुमाल टाकून काढला. चार वेळा अंगणवाडीतून घरी आले. अंगणवाडीच्या बाईंनी विचारलं, घरी आजारी कोण आहे? मी म्हटलं, आहे एक लहान.

मंगळवारी पहाटे उजेड फुटला तेव्हा हे आधीच उठून खुर्चीत बसले होते. धोकटी मांडीवर. डाव्या हाताने त्यांनी ब्लेड मधोमध मोडलं. पाच महिन्यांत ते जमवायला कधी शिकले, मला माहीत नाही. स्पिरिटने पुसून माझ्यापुढे धरलं. कुंडी त्यांनी आपल्या गुडघ्यांत घट्ट पकडली आणि डाव्या हाताने ड्रॅगनफ्रूटचा शेंडा धरून ठेवला. दोन माणसं, तीन हात.

मी शेंडा कापला. बांगडी दिसली. जखम सुकू नये म्हणून तिच्यावर एक पातळ काप तसाच ठेवला. सुईच्या टोकाने पिवळं रोप उचललं. ते इतकं हलकं की उचललंय हे चष्म्यातून बघूनच कळत होतं. नखावर आडवं ठेवलं आणि ब्लेड चालू दिलं. दाबलं नाही. हे आकडे मोजत होते, जड जिभेने, एक, दोन, तीन. चारला काप बाजूला सारला. पाचला रोप जखमेवर टेकवलं, ते मधोमध घसरलं. सहाला सुई त्याच्या कडेला लावली. सातला सुईने ढकलून बांगडीवर आणलं. आठला त्याच्या डोक्यावर सुईची पाठ टेकवली आणि तशीच धरून बसले.

"सोड आता," ते म्हणाले. मी सोडलं. रोप उभं राहिलं. त्यावर आम्ही काचेचा ग्लास पालथा घातला आणि मला तिथेच पाटावर बसून रडू आलं. यांनी पाठीवर हात ठेवला, तो डावा. धपाटा नव्हता.

पुढचे अकरा दिवस ग्लास उचलायचा नाही अशी सक्त ताकीद होती. ताकीद मला, आणि तासातासाला काचेला डोळा लावून बसायचे हे. चौथ्या दिवशी रोपाच्या सुरकुत्या गेल्या असं त्यांना वाटलं. मला तसं काही दिसलं नाही, पण मी हो म्हटलं. सातव्या दिवशी मलाही दिसलं. बाराव्या दिवशी ग्लास काढला तेव्हा ते मुगाच्या दाण्याएवढं होतं, तुकतुकीत, आणि वर अगदी मधोमध कापसाचा पहिला ठिपका. हर्षालीला व्हिडिओ कॉल लावला. तिला पडद्यावर काही दिसेना, तरी ती मुरबाडहून ओरडली. ताराबाई चक्क आत आल्या, कंबर वाकवून बघून गेल्या आणि काटे नाहीत अजून, एवढंच म्हणाल्या. यांनी रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या.

तो रविवार होता. सोमवार गेला. मंगळवारी दुपारी मी अंगणवाडीतून आले, फाटक लावलं आणि ओटीकडे पाहून थांबले.

यांनी सलूनचा आरसा आतून ओढत आणून खांबाला टेकवून ठेवला होता. गळ्याभोवती पांढरं कापड, त्याची गाठ डाव्या हाताने आणि दातांनी मारलेली, तिरकी. दाढी कात्रीने वेडीवाकडी छाटून ठेवली होती आणि तिच्यावर फेस. थोडा कानावर, थोडा कापडावर. मांडीवर धोकटी उघडी. किती वेळ बसून होते कोण जाणे, फेस कडेने वाळायला लागला होता. त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं आणि वस्तरा पुढे केला.

मी पिशवी खाली ठेवली. हात धुतले. ब्रश भिजवून फेस पुन्हा नीट लावला. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि यांच्या मागे, गिऱ्हाइकाच्या मागे न्हावी उभा राहतो तिथे उभी राहिले. तिथून त्यांच्या डोक्याचा भोवरा दिसत होता. तीस वर्षांत तो मी कधी बघितला नव्हता.

"दाबू नको," ते म्हणाले.

"म्हाईत हाय मला," मी म्हटलं.

कानापासून सुरुवात केली. गाल खाली ओढला गेला होता, तो मी दोन बोटांनी ताणून धरला आणि ब्लेड चालू दिलं. आरशात यांचे डोळे वस्तऱ्याबरोबर खाली येत होते. फेस पुसला, दुसरा गाल घेतला. डोळे तिकडेही आले. खालून त्यांचा जुना चेहरा निघत होता, थोडा वाकडा, पण त्यांचाच. ओठाच्या वर केलं, हनुवटी केली. मग मान मागे घ्यायला सांगितली आणि गळ्याशी वस्तरा नेला. तिथली कातडी पातळ असते आणि खाली नाडी उडत असते. माझा हात क्षणभर थांबला. मी आरशात पाहिलं.

त्यांनी डोळे मिटले होते.